अर्ध्यात तुटलेला ॲटॉमिक सीक्वेन्स: एका एसएच-४ एम्युलेटरचं प्रकरण

पार्श्वभूमी

आमची टीम छोटी आहे. एसएच-४ प्रोसेसरसाठी बनलेले जुने लिनक्स प्रोग्रॅम आजच्या मल्टिकोर मशीनवर चालवायचे, एवढंच काम. पूर्ण मशीनचं एम्युलेशन (सॉफ्टवेअरने केलेली नक्कल) नाही, फक्त युजर प्रोग्रॅमचं. गेस्टच्या (जुन्या प्रोग्रॅमच्या) इन्स्ट्रक्शन्स आम्ही ब्लॉक-ब्लॉकने होस्टच्या (आजच्या मशीनच्या) कोडमध्ये ट्रान्सलेट करतो, सिस्टिम कॉल आला की तो होस्टच्या कर्नलकडे (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडे) वळवतो, आणि गेस्टचा एक थ्रेड (प्रोग्रॅममधला स्वतंत्रपणे चालणारा धागा) म्हणजे होस्टचा एक खरा थ्रेड. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं रामायण त्यातूनच घडलं.

एसएच-४ म्हणजे १९९८ च्या ड्रीमकास्टमध्ये होता तोच हिताचीचा प्रोसेसर. त्याच्याकडे ॲटॉमिक (मध्येच तुटू न शकणारी) म्हणावी अशी एकच इन्स्ट्रक्शन आहे, टास: एक बाइट वाचायचा, शून्य आहे का बघायचं, आणि वरचा बिट चढवायचा. कंपेअर-अँड-स्वॅप (मूल्य अपेक्षेप्रमाणे असेल तरच बदलणं) नाही, ॲटॉमिक बेरीज नाही. मग थ्रेड वापरणारा प्रोग्रॅम मोजणी कशी करणार? तिथे जी-यूएसए नावाची पद्धत येते आणि ती खरंच सुंदर आहे, त्यामुळे जरा सविस्तर सांगतो.

कंपाइलर तीन गोष्टी करतो. सीक्वेन्स (अखंड चालायला हव्यात अशा इन्स्ट्रक्शन्सची माळ) जिथे संपतो तो पत्ता आर० रजिस्टरमध्ये, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या छोट्या खणात ठेवतो. खरा स्टॅक पॉइंटर (प्रोग्रॅमच्या तात्पुरत्या मेमरीचा, स्टॅकचा, पत्ता) आर१ मध्ये जपून ठेवतो. आणि मग आर१५, म्हणजे स्टॅक पॉइंटरच, त्यात सीक्वेन्सची लांबी उणे करून टाकतो. चार इन्स्ट्रक्शन असतील तर प्रत्येकी दोन बाइट, म्हणजे उणे ८. यानंतर वाचणं, तुलना किंवा बेरीज, आणि सगळ्यात शेवटी एकच लिहिणं. संपलं की आर१ मधून स्टॅक पॉइंटर परत. आता मध्येच इंटरप्ट आला (काम मध्येच अडवलं गेलं) तर कर्नल बघतो की स्टॅक पॉइंटर विचित्र मोठा दिसतोय (उणे आकडा पत्ता म्हणून वाचला की प्रचंड दिसतो), म्हणजे हा गडी सीक्वेन्सच्या आत आहे, आणि अजून शेवटापर्यंत पोचलेला नाही, मग तो प्रोग्रॅम काउंटर (पुढे चालायच्या इन्स्ट्रक्शनचा पत्ता) मागे नेऊन सुरुवातीला ठेवतो. लिहिणं शेवटी एकदाच होतं, त्यामुळे त्याआधी कितीही वेळा मागे गेलं तरी काही बिघडत नाही.

कल्पना जुनीच आहे. ब्रायन बर्शाड, डेव्हिड रेडेल आणि जॉन एलिस यांनी १९९२ मध्ये सिंगल प्रोसेसर मशीनसाठी हेच मांडलं होतं, आणि लिनक्सच्या ४.१८ आवृत्तीत २०१८ ला आलेलं आरसेक (रीस्टार्टेबल सीक्वेन्स) हे त्याच घराण्यातलं. पण "सिंगल प्रोसेसर" हे दोन शब्द आम्ही सुरुवातीला वाचले आणि पुढे गेलो, थांबलो नाही.

अडचण

दोन तक्रारी एकाच वेळी आल्या. पहिली, एक सर्व्हर प्रोग्रॅम मध्येच मरायचा, आणि कोअर फाइल (मरताना साठवलेली मेमरीची प्रत) उघडली की स्टॅक पॉइंटर उणे ८. दुसरी, एक वेगळा प्रोग्रॅम तासन्‌तास चालल्यावर एकच मेमरी दोनदा फ्री (मोकळी) करून पडायचा. आम्ही दोन्ही एकाच खात्यात टाकल्या, "जी-यूएसए नीट हाताळलेलं नाही" म्हणून. खातं बरोबर होतं, पण आजार दोन होते.

आमच्या एम्युलेटरमध्ये जी-यूएसएसाठी तोपर्यंत काहीच खास कोड नव्हता. उणे ८ स्टॅक पॉइंटरमध्ये टाका म्हटलं की टाकत होतो. तरीही एवढी वर्षं चाललं कसं, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त छळत होता, कारण जो बग क्वचित दिसतो त्याचं क्वचितपण समजल्याशिवाय तो सुटला असं मी मानत नाही.

उत्तर ब्लॉकच्या सीमांमध्ये होतं. गेस्टला सिग्नल (चालू प्रोग्रॅमला मध्येच येणारी सूचना) द्यायचा असेल तर आम्ही तो ब्लॉकच्या मध्ये कधीच देत नाही, दोन ब्लॉकच्या सांध्यावर देतो. साधी ॲटॉमिक बेरीज, म्हणजे वाच-मिळव-लिही, ही सरळ रेषेतली असते, ती अख्खी एकाच ब्लॉकमध्ये बसते, त्यामुळे सिग्नल तिच्या आत घुसूच शकत नाही. पण कंपेअर-अँड-स्वॅपच्या सीक्वेन्समध्ये तुलनेनंतर एक ब्रँच असते, "जुळलं नाही तर शेवटी जा", आणि ब्रँच आली की ब्लॉक संपतो. म्हणजे सांधा बरोबर सीक्वेन्सच्या पोटात! दुसरी जागा म्हणजे सीक्वेन्स दोन पेजेसच्या (मेमरीच्या ठराविक तुकड्यांच्या) सीमेवर पडला तर, कारण ४ केबीच्या पेजच्या पलीकडे आमचा ब्लॉक जात नाही. या दोनच फटी. तिथे सिग्नल आला की आम्ही तो हाताळणाऱ्या हँडलरची फ्रेम (स्टॅकवरची नोंद) उणे ८ च्या खाली लिहायला जायचो, तिथे मेमरीच नाही, प्रोग्रॅम खलास.

पहिला निर्णय: कर्नलसारखं मागे न्यायचं

हा निर्णय पटकन झाला. सिग्नलची फ्रेम बांधण्याआधी तपासायचं, सीक्वेन्सच्या आत असेल तर मागे न्यायचं, स्टॅक पॉइंटर आर१ वरून परत घ्यायचा, मग फ्रेम बांधायची. कर्नलमध्ये हे पाच-सहा ओळींचं आहे, आम्हीही तेवढंच लिहिलं आणि त्या पाच-सहा ओळींत तीन चुका निघाल्या.

पहिली चूक: मागे नेमकं कुठे जायचं. आर० मध्ये आर१५ मिळवलं की सीक्वेन्सची पहिली इन्स्ट्रक्शन मिळते, आम्ही तिथे नेलं. पण स्टॅक पॉइंटर तर आपण आत्ताच खरा करून ठेवला, म्हणजे दुसऱ्या फेरीत "मी सीक्वेन्समध्ये आहे" ही खूणच शिल्लक नाही, आणि त्या फेरीत परत सिग्नल आला तर कोणी ओळखणार नाही. म्हणून आणखी २ बाइट मागे, जी इन्स्ट्रक्शन उणे ८ भरते तिच्यावर जायला हवं. कर्नलच्या सिग्नलच्या कोडमध्ये ती वजाबाकी स्पष्ट आहे, आम्ही वाचताना ओलांडून गेलो.

दुसरी चूक जास्त वाईट. कर्नल "विचित्र मोठा" म्हणजे चार जीबीच्या ॲड्रेस स्पेसचा शेवटचा एक जीबी असं धरतो, कारण खऱ्या मशीनवर युजरचा स्टॅक तिथे कधी नसतोच. आमच्याकडे मात्र गेस्टला जवळपास अख्खी चार जीबी मोकळी असते आणि त्याचा स्टॅक आम्ही वरच्या टोकाजवळच बसवतो. झालं, धडधाकट चाललेला कोड, साधा स्टॅक, आर० मध्ये योगायोगाने प्रोग्रॅम काउंटरपेक्षा मोठा काहीतरी आकडा, सिग्नल आला, आणि आम्ही त्याला उचलून भलत्याच पत्त्यावर नेऊन टाकला. आधीचे क्रॅश परवडले असे क्रॅश यायला लागले. उपाय इन्स्ट्रक्शनमध्येच दडलेला होता: उणे लांबी भरणारी इन्स्ट्रक्शन ८ बिटांचाच आकडा घेते, म्हणजे उणे १२८ च्या खाली जाता येत नाही. तपासणी तेवढ्याच पट्ट्यापुरती घट्ट केली. क्यूएमू या प्रसिद्ध एम्युलेटरमध्ये लिनक्स-युजरच्या (युजर प्रोग्रॅम चालवणाऱ्या भागाच्या) एसएच-४ सिग्नल कोडमध्येही हीच घट्ट तपासणी आहे आणि तिथल्या कॉमेंटमध्ये कारणही हेच दिलंय, ते आम्ही नंतर वाचलं, आधी वाचायला हवं होतं.

तिसरी चूक: प्रोग्रॅम काउंटर बरोबर आर० एवढा असेल तर? तेव्हा लिहिणं झालेलं असू शकतं, म्हणजे मागे जाणं पाप, बेरीज दोनदा होईल. म्हणून आम्ही "आर० पेक्षा कमी असेल तरच" सगळं करायचं असं लिहिलं. पण त्या क्षणी स्टॅक पॉइंटर अजून उणे ८ च असतो, तो परत आणणारी इन्स्ट्रक्शन आर० वरच बसलेली आहे आणि ती अजून चाललेली नाही. आणि हा प्रसंग विरळ नाही, कंपेअर-अँड-स्वॅप फसला की ब्रँच थेट तिथेच येते आणि तो आमच्याकडे ब्लॉकचा सांधा आहे! म्हणजे दोन निर्णय वेगळे करायला हवेत: स्टॅक पॉइंटर दोन्ही वेळा खरा करायचा, प्रोग्रॅम काउंटर मात्र आर० च्या आधी असेल तरच मागे न्यायचा. नंतर तीच इन्स्ट्रक्शन पुन्हा चालली तरी आर१ मधून तेच मूल्य येतं, काही नुकसान नाही.

एवढं झाल्यावर सर्व्हरचे क्रॅश थांबले. आम्ही प्रकरण बंद केलं. दुसरी तक्रार आठवडाभरात परत आली.

जे आमच्या लक्षात आलं नव्हतं

मी एक छोटा टेस्ट लिहिला, दोन थ्रेड, प्रत्येकाने एकच काउंटर १० लाख वेळा वाढवायचा, सिग्नल अजिबात नाही. शेवटी २० लाख यायला हवेत. प्रत्येक रनला कमी आले, आणि दर वेळी वेगळा आकडा. तो टेस्ट लिहायला मला पंधरा मिनिटंही लागली नाहीत, आणि तो आम्ही पहिल्या दिवशी लिहिला असता तर सगळं वेगळं झालं असतं.

खऱ्या एसएच-४ वर कोअर एकच. तिथे दुसरा थ्रेड मध्ये घुसायचा तर इंटरप्टशिवाय वाट नाही, म्हणून इंटरप्टवर पहारा ठेवला की काम झालं. आमच्याकडे दुसरा थ्रेड दुसऱ्या कोअरवर त्याच क्षणी चालू असतो. पहिल्याला कोणी अडवत नाही, सिग्नल नाही, सांधा नाही, सीक्वेन्स सुखरूप पूर्ण होतो, फक्त मधल्या मधे दुसऱ्याने तोच काउंटर वाचलेला आणि लिहिलेला असतो. मागे नेण्याची युक्ती इथे लागूच होत नाही, कारण मागे न्यावं असं काही घडलंय हे कोणाला कळतच नाही. अडवलं जाणं ही एक गोष्ट आणि एकाच वेळी चालणं ही दुसरी, आणि सिग्नलचे क्रॅश गेले म्हणून आम्ही दोन्ही संपल्या असं धरून बसलो होतो.

पर्याय काय होते

पहिला, गेस्टचे सगळे थ्रेड आळीपाळीने चालवायचे, एका वेळी एकच. मग आपण पुन्हा सिंगल प्रोसेसर झालो आणि पहिल्या निर्णयातला कोड पुरेसा. बरोबर आणि सोपं. पण मग मल्टिकोर मशीनचा उपयोग काय? टीममधल्या एकाचं म्हणणं होतं की आधी हेच करून बरोबर उत्तर देऊ, वेग नंतर बघू. तेव्हा मी विरोध केला, आज मला वाटतं तो बरोबर होता.

दुसरा, सीक्वेन्समध्ये शिरताना एक ग्लोबल लॉक (एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप) घ्यायचा, बाहेर पडताना सोडायचा. हा सगळ्यांना आवडला, अर्धा लिहूनही झाला. मग एक सहकारी म्हणाली, "प्रोग्रॅम स्वतःचा लॉक सोडताना साधं स्टोअर (मेमरीत लिहिणं) करत असेल तर?" आणि खोलीत शांतता. कारण हो, मोकळा केला असं दाखवण्यासाठी साधं लिहिणं पुरेसं असतं, त्यासाठी कोणी सीक्वेन्स वापरेलच असं नाही. एक थ्रेड आमचा लॉक घेऊन जुनं मूल्य वाचतो, दुसरा साध्या स्टोअरने शून्य लिहितो, त्याला आमच्या लॉकशी काही देणंघेणं नाही, आणि पहिला आपलं जुन्यावर आधारलेलं मूल्य वर लिहून टाकतो. शून्य हरवलं, प्रोग्रॅमचा लॉक कायमचा अडकला. सगळ्या साध्या स्टोअरनाही लॉक लावायचा तर एम्युलेटर रांगायला लागेल. पर्याय रद्द.

तिसरा, सीक्वेन्स ओळखून त्याच्या जागी होस्टची खरी ॲटॉमिक इन्स्ट्रक्शन टाकायची. कंपाइलर ठराविक साच्यातलाच कोड काढतो: वाच, एक क्रिया, लिही, किंवा वाच, तुलना, ब्रँच, लिही. साचा जुळला की ॲटॉमिक बेरीज किंवा कंपेअर-एक्स्चेंज (कंपेअर-अँड-स्वॅपचंच दुसरं नाव). साध्या स्टोअरशीही हे नीट वागतं, कारण होस्टचं हार्डवेअरच सांभाळतं. अडचण एवढीच की साच्यात न बसणारा, हाताने लिहिलेला असेंब्ली आला तर?

चौथा, त्यासाठीच: सगळे थ्रेड ब्लॉकच्या सांध्यावर थांबवायचे, हा सीक्वेन्स एकट्याने चालवायचा, मग सगळ्यांना सोडायचं. कुठल्याही सीक्वेन्सला चालतो, पण महाग.

दुसरा निर्णय

तिसरा आणि चौथा एकत्र. साचा जुळला तर होस्टची ॲटॉमिक, नाही जुळला किंवा सीक्वेन्स पेजच्या सीमेवर पडला तर सगळ्यांना थांबवून एकट्याने. क्यूएमूने २०१७ मध्ये जी-यूएसएसाठी हाच मार्ग घेतला, त्यामुळे आम्ही काही नवीन शोध लावला असा दावा नाही.

एक बारकावा सांगायलाच हवा. साचा ओळखायला सीक्वेन्सचा शेवट माहीत हवा, आणि तो आर० मध्ये असतो, म्हणजे ट्रान्सलेट करताना नव्हे तर चालवताना कळतो. म्हणून उणे आकडा आर१५ मध्ये भरणारी इन्स्ट्रक्शन दिसली की आम्ही तिथेच ब्लॉक तोडतो. पुढचा ब्लॉक सुरू होताना आर० भरलेलं असतं, लांबी माहीत असते, आणि अख्खा सीक्वेन्स समोर दिसतो. या नव्या सांध्यावर सिग्नल आला तर? येऊ दे, अजून काही वाचलेलंच नाही, मागे नेणारा कोड ते सांभाळतो.

आणि प्रोग्रॅममध्ये एकच थ्रेड असेल तर यातलं काही करायचं नाही, साधं ट्रान्सलेशन, जोडीला मागे नेणं. दुसरा थ्रेड जन्माला आला की आतापर्यंतचा सगळा ट्रान्सलेट केलेला कोड फेकून नव्याने.

आणि मग सगळं गोठलं

दोन थ्रेडचा टेस्ट पहिल्याच रनला २० लाख म्हणाला. खूप बरं वाटलं. नवीन आवृत्ती दिली आणि काही दिवसांनी वेगळीच तक्रार, प्रोग्रॅम मरत नाही, हलतही नाही.

सगळे थ्रेड "मला थांबायला सांगितलंय" म्हणून उभे, आणि ज्याने थांबवलं तो स्वतःही त्याच रांगेत. कारण असं की ज्या पेजवर गेस्टचा ट्रान्सलेट झालेला कोड असतो ते पेज आम्ही लिहिण्यासाठी बंद करून ठेवतो, म्हणजे कोणी कोड बदलला तर कळावं. आता एका प्रोग्रॅममध्ये काउंटर आणि कोड एकाच पेजवर होते. एकट्याने चालणाऱ्या सीक्वेन्सने तिथे लिहिलं, होस्टकडून फॉल्ट (मनाई असलेल्या जागी लिहिल्याची तक्रार) आला, आमच्या फॉल्ट हँडलरने पेज उघडलं, जुने ब्लॉक टाकून दिले आणि लाँगजंप (मधलं सगळं ओलांडणारी थेट उडी) मारून मुख्य लूपमध्ये परत. "मी एकटा आहे" ही मालकी सोडणारी ओळ मात्र सीक्वेन्सच्या शेवटी होती, तिच्यापर्यंत कोणी पोचलंच नाही.

म्हणजे इतके दिवस गेस्टचा सीक्वेन्स अर्ध्यात तुटला तर काय याचा विचार केला, आणि तो सांभाळणारा आमचाच सीक्वेन्स अर्ध्यात तुटला. दुरुस्ती साधी, मालकी सोडणं लाँगजंप जिथे उतरतं तिथे हलवलं, म्हणजे नीट संपलं किंवा फॉल्टने संपलं तरी वाट एकच, आणि फॉल्टच्या वाटेवर गेस्टला मागे नेऊन ठेवायचं. पण त्याआधी फॉल्टने बाहेर पडण्याच्या सगळ्या वाटा कागदावर काढल्या, चुकीचा पत्ता, सिंगल स्टेप, प्रोग्रॅम संपवणारा सिग्नल, आणि प्रत्येकीसाठी टेस्ट लिहिला.

सिंगल स्टेपची वेगळीच कथा. डिबगरने (दोष शोधायच्या साधनाने) एक इन्स्ट्रक्शन पुढे जा म्हटलं की आमचा कोड थांबताना सिग्नलच्याच वाटेने जायचा, ती वाट मागे न्यायची, की परत तीच पहिली इन्स्ट्रक्शन. कितीही वेळा स्टेप करा, पुढे सरकतच नाही. इथे निर्णय असा घेतला की डिबगरसाठी अख्खा सीक्वेन्स म्हणजे एकच स्टेप. काही वापरणाऱ्यांना आतली रजिस्टर बघायची असतात, त्यांना हे आवडलं नाही, आणि त्यांची अडचण खरी आहे. पण आत थांबू दिलं तर बाकीचे थ्रेड डिबगरसमोर बसलेल्या माणसाची वाट बघत उभे राहतील.

निकाल

दोन्ही मूळ तक्रारी गेल्या, गोठणंही गेलं. आमच्याकडच्या प्रोग्रॅममध्ये बहुतेक सीक्वेन्स कंपाइलरच्या साच्यातलेच निघाले, त्यामुळे सगळ्यांना थांबवायची वेळ फार येत नाही. साचा जुळला नाही की तो सीक्वेन्स लॉगमध्ये जातो, म्हणजे पुढचा कुठला साचा शिकवायचा ते तिथूनच कळतं.

एक भोक अजून उघडं आहे. सगळ्यांना थांबवणं म्हणजे त्याच प्रोसेसमधले थ्रेड. दोन वेगळ्या प्रोसेस एकच मेमरी शेअर करत असतील तर दुसरी थांबत नाही. दोन्हींत अनेक थ्रेड असतील तर साचा जुळलेल्या सीक्वेन्सना त्रास नाही, होस्टची ॲटॉमिक सगळीकडे लागू. बाकीच्यांसाठी आमच्याकडे आज उत्तर नाही, ते आम्ही वापरणाऱ्यांना लेखी सांगितलंय.

वेगळं काय केलं असतं

दोन तक्रारींचे दोन वेगळे टेस्ट आधी लिहिले असते. एक: एकच थ्रेड, टायमरचे सिग्नल सतत, कंपेअर-अँड-स्वॅप मुद्दाम फसवायचा आणि सीक्वेन्स मुद्दाम पेजच्या सीमेवर ठेवायचा. दुसरा: सिग्नल शून्य, थ्रेड अनेक. दोन्ही कारणं एकाच टेस्टमध्ये मिसळली की एक दुरुस्त झालं तरी क्रॅश कमी होतात आणि आपल्याला वाटतं आपण जिंकलो.

आळीपाळीने चालवण्याचा पर्याय तात्पुरता म्हणून पहिल्याच दिवशी चालू केला असता. हळू चालणारा पण बरोबर मोजणारा एम्युलेटर लोकांच्या हातात असता, आणि आम्हाला घाई नसती. शिवाय तो एका स्विचने चालू झाला असता तर निदानही तिथल्या तिथे झालं असतं: आळीपाळीने चालवल्यावर काउंटर बरोबर येतो, म्हणजे दोष एकाच वेळी चालण्याचा आहे. तो स्विच आता आहे, आणि ॲटॉमिकची शंका आली की आम्ही सगळ्यात आधी तोच दाबतो.

कर्नलचा कोड उतरवताना प्रत्येक आकड्याशेजारी तो तिथे का खरा आहे ते लिहिलं असतं. शेवटचा एक जीबी हा आकडा कर्नलपाशी बरोबर होता कारण ॲड्रेस स्पेसची वाटणी त्याच्या हातात होती. आमच्या वाटणीत तो चुकीचा होता, आणि ते "का" लिहायला बसलो असतो तर पहिल्याच ओळीला अडखळलो असतो.

आता आर्म प्रोसेसरच्या जुन्या बायनरींचं (तयार प्रोग्रॅमचं) काम हातात आहे. तिथे कर्नल मेमरीच्या वरच्या टोकाला ठरलेल्या पत्त्यावर कंपेअर-एक्स्चेंजचं छोटं फंक्शन देतो आणि प्रोग्रॅम त्याला कॉल करतो. जुन्या सिंगल कोअर आर्मवर तेही मध्येच तुटलं तर कर्नल सुरुवातीला नेतो, म्हणजे तोच खेळ. या वेळी ते फंक्शन आम्ही ट्रान्सलेट करतच नाही, त्या पत्त्यावर उडी आली की थेट होस्टची ॲटॉमिक चालवतो, आणि दोन्ही टेस्ट आधीपासून तयार आहेत. त्या फंक्शनची ६४ बिटांची आवृत्ती अजून बाकी आहे.